कॅनडात नॉन-रिस्ट्रिक्टेड सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरंटो, ब्रॅम्प्टन, कॅल्गरी, एडमंटनकडच्या मराठी मंडळींत शिकार आणि नेमबाजीची आवड वाढते आहे. परवाना हातात आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न 'कोणती रायफल घेऊ?' हाच असतो. त्याआधीचे दोन प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : कायद्याने ती आज कोणत्या वर्गात बसते, आणि उद्याही तिथेच राहील का? खालची उत्तरे त्याच क्रमाने दिली आहेत.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे नेमके काय? मशीनगनच ना?

नाही. चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते. त्या गोळीच्या वायूच्या दाबाने किंवा धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढचे आपोआप नळीत बसते. दुसऱ्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा दाबावा लागतो. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, ती फुल-ऑटोमॅटिक. ती कॅनडात सामान्य माणसाला मिळत नाही. बोल्ट-ॲक्शनमध्ये प्रत्येक गोळीनंतर बोल्टची, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या भागाची, मूठ हाताने मागे-पुढे करावी लागते.

नॉन-रिस्ट्रिक्टेड कोणत्या रायफलीला म्हणतात?

कायद्यात बंदुकांचे तीन वर्ग आहेत : प्रोहिबिटेड, रिस्ट्रिक्टेड आणि नॉन-रिस्ट्रिक्टेड. तिसऱ्या वर्गाची व्याख्या गमतीची आहे, पहिल्या दोन्हींत न बसणारी ती नॉन-रिस्ट्रिक्टेड. म्हणून एखादी रायफल या वर्गात आहे की नाही हे ठरवताना तिला बाहेर काढणारी कारणे एकेक करून तपासावी लागतात.

पहिले कारण नळीची लांबी. सेंटरफायर काडतुसे (बुडाच्या मध्यभागी ठोका बसून पेटणारी) वापरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीची नळी ४७० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण साडेअठरा इंचांपेक्षा, आखूड असेल तर ती रिस्ट्रिक्टेड ठरते. अमेरिकेत सर्रास दिसणारी सोळा इंची नळी इथे या एका कारणाने अडते. हा नियम .२२ सारख्या रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर ठोका बसणाऱ्या, रायफलींना लागू नाही.

दुसरे कारण एकूण लांबी. दस्ता दुमडून किंवा आत सरकवून रायफल ६६० मिलिमीटरपेक्षा आखूड होत असेल आणि तशा अवस्थेत झाडता येत असेल, तर तीही रिस्ट्रिक्टेड.

तिसरे आणि सगळ्यात त्रासदायक कारण म्हणजे नाव. सरकारने नियमांत नावानिशी याद्या केल्या आहेत, आणि यादीतल्या रायफलीची 'सुधारित आवृत्ती' ठरणारे मॉडेलही त्यात धरले जाते. नळी कितीही लांब असली तरी नाव यादीत असेल तर विषय संपतो.

चौथे कारण नवीन आहे. सी-२१ हा कायदा १५ डिसेंबर २०२३ रोजी लागू झाला. त्या दिवशी किंवा त्यानंतर संकल्पित आणि उत्पादित झालेली सेंटरफायर सेमी-ऑटोमॅटिक रायफल, जिचे मॅगझिन (काडतुसे भरून ठेवायची पेटी) काढता येते आणि मुळात पाचपेक्षा जास्त काडतुसांसाठी बनवले आहे, ती थेट प्रोहिबिटेड. म्हणजे या पद्धतीचे कोणतेही नवे डिझाइन बाजारात आल्याबरोबर बंद. विक्रेता 'अगदी नवे मॉडेल' म्हणून काही पुढे करत असेल तर आधी हे विचारा.

याखेरीज रिस्ट्रिक्टेड वर्गात बहुतेक पिस्तुले येतात, आणि २१ ऑक्टोबर २०२२ पासून त्यांची खरेदी-विक्री व हस्तांतर जवळपास गोठवले आहे. नव्या माणसाने रायफलीचाच विचार करायचा तो यामुळेही.

एआर-१५ मिळेल का? आधी मिळायची म्हणतात.

लष्करी घाटाची ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल मिळायची, रिस्ट्रिक्टेड म्हणून. आता नाही. १८ आणि १९ एप्रिल २०२० रोजी नोव्हा स्कोशियात एका माणसाने २२ जणांचा बळी घेतला. १ मे २०२० रोजी मंत्रिमंडळाच्या आदेशाने सुमारे १५०० मॉडेल्स एका फटक्यात प्रोहिबिटेड झाली. त्यात एआर-१५ होतीच, शिवाय त्याच दिवसापर्यंत नॉन-रिस्ट्रिक्टेड असलेली रुगर मिनी-१४ही होती. मॉन्ट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये ६ डिसेंबर १९८९ रोजी १४ स्त्रियांची हत्या झाली ती याच मॉडेलने. त्या घटनेनंतर वाचलेल्यांनी आणि कुटुंबीयांनी चालवलेली चळवळ आजही बंदूक-कायद्याच्या चर्चेत आघाडीवर आहे. हा इतिहास माहीत नसला तर इथले लोक या विषयावर इतके हळवे का होतात ते कळत नाही.

मग यादी २०२० मध्ये संपली ना?

संपली नाही, आणि या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

२०२० च्या यादीत न बसणारी काही मॉडेल्स बंदीनंतरही विकली जात राहिली. कोडियाक डिफेन्सची डब्ल्यूके-१८०-सी ही त्यातली गाजलेली. लोकांनी ती नॉन-रिस्ट्रिक्टेड म्हणून, पूर्ण कायदेशीर मार्गाने, हजारो डॉलर्सच्या सामानासह घेतली. ५ डिसेंबर २०२४ रोजी आणखी ३२४ मॉडेल्स प्रोहिबिटेड झाली आणि तीही गेली. ७ मार्च २०२५ रोजी आणखी १७९ आली. ज्यांच्याकडे ही हत्यारे आधीपासून होती त्यांच्यासाठी माफीची मुदत जाहीर झाली आणि ती पुढे ढकलत ३० ऑक्टोबर २०२६ पर्यंत नेली गेली. पण या काळात रायफल कपाटात कुलपात ठेवायची. नेमबाजी नाही, विक्री नाही. निर्वाहासाठी शिकार करणाऱ्या आदिवासी समाजांसारखे मोजके अपवाद सोडले तर शिकारही नाही.

तेव्हा नॉन-रिस्ट्रिक्टेड हा रायफलीच्या पोलादात कोरलेला गुण समजू नका, तो आजच्या तारखेचा शेरा आहे. रायफल जितकी लष्करी घाटाची, तितका हा शेरा बदलण्याचा धोका जास्त. हे न्याय्य आहे का, यावर कितीही वाद घालता येईल. लाकडी दस्त्याची शिकारी रायफल आणि काळ्या प्लास्टिकची रायफल आतून एकाच तत्त्वावर चालू शकतात, हे बंदूकवाल्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. पण खिशातले पैसे त्या वादाच्या निकालावर लावू नयेत.

एखादे मॉडेल आज कोणत्या वर्गात आहे हे कुठे पाहायचे?

आरसीएमपीचा, म्हणजे केंद्राच्या पोलीस दलाचा, फायरआर्म्स रेफरन्स टेबल पाहा, तो सर्वांना खुला आहे. मॉडेल, कॅलिबर आणि नळीची लांबी तिन्ही जुळवा, कारण एकाच नावाच्या दोन नळ्यांचे वर्ग वेगळे असू शकतात. हा तक्ता म्हणजे आरसीएमपीचे तांत्रिक मत आहे, कायदा नाही. पण व्यवहारात दुकानदार, पोलीस आणि सीमेवरचा अधिकारी तोच धरून चालतात. जुनी रायफल कोणाकडून घेत असाल तर नळीवर कोरलेले वाचा आणि शंका असेल तर टेप लावून मोजा. नळी बंद बोल्टच्या तोंडापासून पुढच्या टोकापर्यंत मोजतात, टोकावरचे स्क्रूने बसवलेले फ्लॅश-हायडर (ज्वाळेची चमक लपवणारी टोपी) त्यात धरत नाहीत.

परवाना कसा मिळतो? नागरिकत्व लागते का?

नागरिकत्व लागत नाही, पीआरवरही (कायम रहिवासी असतानाही) मिळतो. परवान्याला पीएएल म्हणतात. आधी कॅनेडियन फायरआर्म्स सेफ्टी कोर्स करायचा, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के गुण लागतात. मग अर्ज, फोटो, दोन ओळखीच्या व्यक्तींचे संदर्भ. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावेच लागते, प्रत्यक्षात जास्त लागतात. परवाना पाच वर्षांचा.

कॅनडात येऊन पाच वर्षे झाली नसतील तर आधीच्या देशातून चारित्र्याचा दाखला मागितला जाऊ शकतो. भारतातून आलेल्यांनी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आधीच काढून ठेवावे.

अर्जात पती-पत्नीची किंवा गेल्या दोन वर्षांतल्या जोडीदाराची माहिती द्यावी लागते. त्यांची सही नसली तरी अर्ज बाद होत नाही, पण त्यांना कळवले जाते. तेव्हा 'बायकोला नंतर सांगतो' हे चालणार नाही, आणि चालूही नये.

आता मुद्द्याचे. कोणती घेऊ?

आधी काम सांगा.

रेंजवर सराव, टिनचे डबे, अल्बर्टा-सॅस्काचेवानच्या शेतातले गोफर (बिळे करणारे खारीसारखे प्राणी) : .२२ एलआर. इथे फार डोके चालवू नका, रुगर १०/२२ घ्या. १९६४ पासून बनते आहे, दहा काडतुसांचे फिरते मॅगझिन आहे, साधे मॉडेल अडीच किलोच्या आसपास भरते, धक्का नाहीच म्हटले तरी चालेल, आणि सुटे भाग कॅनडाभर मिळतात. घरातल्या मुलांना पुढे शिकवायचे असेल तर याच रायफलीवर शिकतील. काडतूस स्वस्त असल्याने सराव भरपूर होतो, आणि नेम सरावानेच सुधारतो.

'लष्करी दिसणारी .२२ छान वाटते' असे म्हणणारे असतात. रिमफायर आहे म्हणून ती सुरक्षित, असे मात्र नाही. एके-४७ च्या घाटाची मिचेल एके-२२ ही साधी .२२ जुन्या आदेशांपासूनच नावानिशी प्रोहिबिटेड आहे. दिसण्यासाठी पैसे मोजून धोका विकत घेणे मला पटत नाही.

हरीण, मूस : ब्राउनिंगची बीएआर किंवा बेनेलीची आर-१ या शिकारीसाठीच बनवलेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली. .३०८ किंवा .३०-०६ मध्ये घ्या. गॅसवर चालत असल्याने खांद्याला धक्का थोडा कमी बसतो आणि दुसरी गोळी लवकर सुटते. पण या वजनदार आणि महाग आहेत, आणि त्यांची साफसफाई बोल्ट-ॲक्शनपेक्षा किचकट. मूसच्या शिकारीत पहिली गोळी नीट लागली तर दुसरीची घाई नसते, आणि पहिली चुकली तर दुसरी घाईने मारून जनावर जखमी करण्यात काही अर्थ नाही. म्हणून पहिली शिकारी रायफल बोल्ट-ॲक्शन घ्यावी, असेच मी सुचवतो. टिक्का टी-३एक्स, सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, यांतली कोणतीही. उत्तरेकडे गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सना जुन्या ली-एनफील्डच्या जागी दिलेली सी-१९ रायफल टिक्काच्याच घडणीवर बेतलेली आहे, आणि तीही बोल्ट-ॲक्शनच. ध्रुवीय अस्वलांच्या प्रदेशात जे चालते ते ऑंटॅरिओतल्या मस्कोकाच्या हरणाला पुरेल.

कोयोटी : .२२३. पूर्वी या कामाला लष्करी घाटाच्या सेमी-ऑटोमॅटिक लोकप्रिय होत्या, त्यांतल्या बहुतेक आता याद्यांत आहेत. इथेही बोल्ट-ॲक्शनकडे वळलेले बरे.

एसकेएसचे काय? सगळे तीच सुचवतात.

सुचवतात कारण वर्षानुवर्षे ती स्वस्त होती. सोव्हिएत अभियंता सिमोनोव्ह यांनी १९४५ च्या सुमारास बेतलेली, ७.६२×३९ काडतुसाची, न निघणाऱ्या मॅगझिनची रायफल. शीतयुद्धानंतर रशियन आणि चिनी गोदामांतल्या पेट्याच्या पेट्या कॅनडात आल्या. मॅगझिन दहाचे, पण कॅनडात रिव्हेट ठोकून पाचचे केलेले. उत्तरेतल्या अनेक आदिवासी कुटुंबांची अन्नासाठीची शिकार याच रायफलीवर चालते.

तिची गोष्ट राजकीय आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सी-२१ मध्ये अचानक एक दुरुस्ती सुचवली गेली, त्यात एसकेएससह कितीतरी शिकारी रायफली येणार होत्या. असेम्ब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या आदिवासी समाजांच्या संघटनेने विरोधाचा तातडीचा ठराव केला. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाचा तेव्हाचा गोलरक्षक केरी प्राइस, जो स्वतः शिकारी आणि आदिवासी वंशाचा आहे, त्याने हातात बंदूक घेतलेला फोटो टाकून विरोध केला. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी सरकारने दुरुस्ती मागे घेतली. २०२४ आणि २०२५ च्या याद्यांतही एसकेएस आली नाही, पण तिच्यावरचा वाद मिटलेला नाही. बंदीचे समर्थक दर वेळी तिचेच नाव पहिले घेतात.

घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी पाळा. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतून क्षार सुटतात आणि नळीला गंज चढतो, म्हणून नेमबाजीनंतर त्याच दिवशी नळी आणि गॅसचे भाग गरम पाण्याने धुवा, कोरडे करा, तेल द्या. नुसते तेल चालत नाही, क्षार पाण्यातच विरघळतात. दुसरे, तिची फायरिंग पिन मोकळी सरकते. साठवणीचे चिकट ग्रीस आत राहिले तर पिन पुढे अडकून गोळी आपोआप सुटू शकते. म्हणून पहिल्या वापराआधी बोल्ट पूर्ण उघडून साफ करा किंवा जाणकाराकडून करून घ्या. तिसरे, मॅगझिनच्या रिव्हेटला हात लावू नका.

मॅगझिनची मर्यादा किती?

सेंटरफायर सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला पाच काडतुसे. मोठे मॅगझिन रिव्हेटने पाचचे केलेले चालते, पण ते रिव्हेट काढले की मॅगझिनच प्रोहिबिटेड ठरते आणि तुम्ही गुन्हेगार. जुन्या एम-१ गॅरंडला आठचा अपवाद आहे. रिमफायर रायफलीला मर्यादा नाही, पण १०/२२ च्या बाबतीत मेख आहे : त्याच मॅगझिनवर चालणारे पिस्तूल बाजारात असल्यामुळे दहापेक्षा मोठे मॅगझिन आरसीएमपी प्रोहिबिटेड मानते. अमेरिकेतून २५ चे मागवू नका. सायलेन्सरही नाही, तो कॅनडात सरसकट प्रोहिबिटेड आहे.

ओळखीच्याकडून जुनी घेतली तर कागदपत्रे लागतात का?

लागतात. केंद्राची लांब बंदुकांची नोंदणी २०१२ मध्ये रद्द झाली, पण मे २०२२ पासून प्रत्येक व्यवहाराआधी विकणाऱ्याने घेणाऱ्याचा परवाना रजिस्ट्रारकडे पडताळून संदर्भ क्रमांक घ्यायचा असतो. दुकानेही विक्रीची नोंद ठेवतात. क्वेबेकमध्ये राहत असाल तर प्रांताची स्वतंत्र नोंदणी आहे, ती करावीच लागते.

अपार्टमेंटमध्ये ठेवता येते का?

येते. रायफल रिकामी असली पाहिजे, आणि एक तर तिला कुलूप हवे, नाही तर सहज न फोडता येणाऱ्या कुलूपबंद कपाटात ती ठेवली पाहिजे. बोल्ट काढून ठेवणे हा तिसरा पर्याय कायद्यात आहे, पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तो रोजच्या रोज सोयीचा नाही. काडतुसे तिथेच हाताशी नकोत, ठेवायची तर तीही कुलपात. माझे मत : चापाच्या कुलपावर भागवू नका, पोलादी कपाट घ्या. गाडीत सोडून जाताना रायफल रिकामी, डिकीत, कुलूपबंद.

आणखी एक. घरात कोणी नैराश्यातून जात असेल तर रायफल घरात आणू नका, असेल तर काही काळ परवानाधारक मित्राकडे किंवा दुकानात ठेवा. कॅनडात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. ९८८ हा मदतीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

चोरांपासून घराच्या रक्षणासाठी?

त्यासाठी घेऊ नका. वर सांगितलेल्या नियमांनुसार ती रिकामी आणि कुलपात असणार, काडतुसे वेगळी. मध्यरात्री तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत ९११ वर बोलणे झालेले असेल. आणि गोळी झाडलीच तर ती परिस्थितीत वाजवी होती की नाही हे न्यायालय ठरवते. दरवाजाचे चांगले कुलूप आणि कॅमेरा घ्या.

सेमी-ऑटोमॅटिक हाताळताना नवशिक्या नेमका कुठे चुकतो?

मॅगझिन काढले म्हणजे रायफल रिकामी झाली, असे समजतो. नळीत एक काडतूस बसलेलेच असते. आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट मागे ओढून आतले काडतूस बाहेर काढा, बोल्ट मागेच अडकवा आणि डोळ्याने व बोटाने पाहा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी बोल्ट ओढला आणि मग मॅगझिन काढले, तर मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत जाते आणि तुम्ही भरलेली रायफल रिकामी समजून खाली ठेवता. कोर्समध्ये हे घोटून घेतात, पण सहा महिन्यांनी लोक विसरतात. डावखुऱ्यांनी चष्मा घालाच, रिकामी काडतुसे उजवीकडून तोंडासमोरून उडतात.

परवाना नसलेल्या भावाला रेंजवर झाडून बघता येईल का?

परवानाधारक शेजारी उभा राहून थेट देखरेख करत असेल तर येईल. चहा आणायला जायचे तर रायफल सोबत.

शिकारीला पीएएल पुरते का?

नाही, शिकार प्रांताच्या अखत्यारीत आहे. ऑंटॅरिओत शिकारीचा वेगळा अभ्यासक्रम, आउटडोअर्स कार्ड आणि त्या जनावराचा परवाना लागतो. दक्षिण ऑंटॅरिओच्या काही काउंटींत शिकारीला .२७५ पेक्षा मोठ्या कॅलिबरची रायफल नेण्यावर बंधने आहेत, तेव्हा .३०८ घेण्याआधी आपण कुठे शिकार करणार ते ठरवा. नगरपालिकांचे गोळी झाडण्याबाबतचे नियम वेगळेच.

स्वप्निल कुसळेसारखी नेमबाजी करायची आहे, त्यासाठी कोणती?

सेमी-ऑटोमॅटिक नव्हेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या या मुलाने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवले, तो प्रकार .२२ च्या, एकेक काडतूस हाताने भरायच्या रायफलीचा. सुरुवात एअर रायफलीने करा. सेकंदाला ५०० फुटांपेक्षा कमी वेगाची असेल तर कॅनडात तिला परवानाही लागत नाही.

भारतात परत जाताना रायफल नेता येईल का?

नेऊ नका. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम लागू आहेत. तिथे सेमी-ऑटोमॅटिक रायफली सर्वसाधारणपणे प्रतिबंधित वर्गात मोडतात. .३०३ सुद्धा प्रतिबंधित बोअर आहे, कॅनडात मात्र आजोबांची ली-एनफील्ड घेऊन लोक हरणाला जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे परवानाधारकालाही दोनपेक्षा जास्त हत्यारे ठेवता येत नाहीत. कायमचे परतणार असाल तर रायफल परवानाधारकाला किंवा दुकानाला विका. गिऱ्हाईक मिळाले नाही तर पोलिसांकडे जमा करा, पण आधी फोन करून. रायफल हातात घेऊन थेट ठाण्यात जाऊ नका.